म्हाताऱ्या वेलीचं कौतुक

तासगाव तालुक्यात द्राक्षबागेला म्हातारपण फार लवकर येतं. पंधराएक वर्षं झाली, माल घटला, की मालकाला बागेपेक्षा कुऱ्हाड जवळची वाटू लागते. ज्या बोरगावात वसंतराव आरवेंना थॉम्पसन द्राक्षात तास-ए-गणेश ही जात गवसली, त्या मुलखात नवं वाण हीच मोठी बातमी असते. जुन्या वेलीचं कोण ऐकतो?

म्हणून स्पेनच्या बिएर्झो भागातली रेड वाइन मी मामांच्या बेदाणा शेडवर नेली. बाटलीवर ‘जुन्या वेली’ असं ठसठशीत लिहिलेलं.

“किती जुन्या?”

“साठ वर्षांच्या. काही नव्वदीच्याही.”

“मग तोडत का न्हाईत? माणसं मिळंनात काय?”

मी समजावलं, की तिथं ना मंडप, ना वाय आकाराचे अँगल, ना ठिबक. वेल झुडपासारखी उतारावर उभी. मुख्य द्राक्ष मेन्सिया. अधूनमधून गरापर्यंत लाल असलेली आलिकांते आणि मध्येच पांढऱ्या द्राक्षाच्या चार वेली. सगळं एकाच रानात, बहुतेक एकाच वेळी तोडायचं, एकाच टाकीत आंबवायचं.

मामा हबकले. इथं पंधरा किलोच्या बॉक्समध्ये हिरव्या बेदाण्यात चार काळे दिसले तरी सौद्यात व्यापारी नाक मुरडतो, आणि तिकडं लाल-पांढरं कालवून वर भाव मागतात!

“आणि माल किती पडतो?”

“एका वेलीला किलो-दोन किलो.”

“एवढ्यात डावण्याच्या औषधाचा खर्च निघत न्हाई, बाळा.”

तरी त्यांनी पेला घेतला. बेदाणा दोन बोटांत दाबून बघतात, तशी वाइन जिभेवर दाबली. जांभळासारखा वास, तुरटपणा बेताचा. जड वाइनशी ओळख व्हायला रात्र लागते. ही पहिल्या घोटातच गप्पा मारते.

“माल चांगला हाय,” मामा म्हणाले. सौद्यात हा शेरा फार मोठा असतो.

गंमत म्हणजे दोन्हीकडच्या वेलींचं आजोळ एकच. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा या किडीनं युरोपातल्या बागा खाल्ल्या, तेव्हा तिकडं अमेरिकन मुळांवर कलमं केली. आमच्या बऱ्याच बागाही आज अमेरिकन डॉगरिज खुंटावर उभ्या आहेत. फरक हिशेबाचा: आम्ही एकरी टन मोजतो, ते वेलीचं वय मोजतात.

सरकारनं २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, शेजारच्या पलूसला वाइन पार्कही झाला. तरी तासगावचं द्राक्ष पेटीत किंवा बेदाण्याच्या रॅकवर जातं, आणि ते योग्यच. थॉम्पसनचं कुळ खाण्याचं आणि वाळवण्याचं. त्याला जबरदस्तीनं बाटलीत घालू नये. तुम्ही मात्र अशी बाटली घेतलीत तर थोडी गार करून प्या, आणि पाहुण्यांपुढं द्राक्षांची नावं पाठ म्हणू नका. चव बोलते, तेवढं पुरे.