आयतं खुराडं

आयत्या खुराड्याच्या चित्रातली कोंबडी नेहमी खिडकीशी उभी असते. उतरतं राखाडी छप्पर, खिडकीला पांढरी चौकट, चौकटीखाली फुलझाडांसाठी अरुंद पेटी, आणि आत मान किंचित कलती करून उभी असलेली ती. टपालाची वाट पाहणाऱ्या जुन्या बोलपटातल्या नायिकेचा भाव तिच्या डोळ्यांत. मागची हिरवळ इतकी नीटनेटकी की तिथे गांडूळही परवानगी काढूनच वर येत असावं. आमच्या लेकीनं हे चित्र पुण्यात बसून पाहिलं. निवृत्तीनंतर बाबांना दोन-चार कोंबड्या पाळायच्या आहेत, हे तिच्या लक्षात होतं. आणि दापोलीजवळच्या आमच्या आवारात एका दुपारी एक बंगला आडवा होऊन येऊन पडला. रंगवलेल्या फळ्या, स्क्रूच्या पुड्या, एक वाकडी किल्ली, आणि शब्दांऐवजी नुसत्या बाणांनी बोलणारा कागद. कोपऱ्यात तेवढं ठळक छापलेलं: सहा कोंबड्यांसाठी.

त्या सहा आकड्यावर मी बराच रेंगाळलो. आतली जागा होती तीन फूट बाय दोन. पुस्तकी हिशेब कोंबडीमागे साधारण 4 चौरस फूट मागतो. दिवसभर परसात हिंडणाऱ्या कोंबडीला रात्रीपुरतं थोडं कमी चालतं म्हणा, तरीही सहाजणी तिथे मावायच्या तर त्यांतल्या निदान तिघींना स्वभावानं फारच समजूतदार असावं लागलं असतं. बिल्डरच्या माहितीपत्रकात पलंग असाच काढलेला असतो, खोलीत शोभेल इतका लहान. त्या पलंगावर झोपणारा माणूस कधी कोणी पाहिलेला नाही. आम्ही तीनच तलंगा आणल्या.

कोंबडीला देखणं घर हवं, ही कल्पना मुळात कोंबडीची नव्हेच. राणी व्हिक्टोरियानं 1840 च्या दशकात विंडसरच्या आवारात कोंबड्यांसाठी डौलदार इमारत उभारून घेतली. अतिपूर्वेकडच्या धिप्पाड, पायांवरही पिसं मिरवणाऱ्या कोंबड्या आल्या, आणि बघता बघता इंग्लंड-अमेरिकेतल्या भल्याभल्यांना कोंबड्यांचा ताप चढला. 1849 साली बॉस्टनला कोंबड्यांचं प्रदर्शन भरलं. पुढे 1855 मध्ये जॉर्ज बर्नहॅम नावाच्या माणसानं या तापाचा खुसखुशीत इतिहासही लिहून काढला. त्या काळात स्वतः कोंबड्या विकून त्यानं पैसे केले होते, त्यामुळे माहिती पक्की होती. आमच्या बंगल्याची ती खिडकी आणि फुलांची पेटी त्याच तापाचा मागे राहिलेला अंश असावा, असं मला वाटतं. तिथल्या घराला पाऊस माहीत असतो, पण तो भुरभुरणारा, दारावर टकटक करून येणारा. आमच्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि मनात आलं की आडवा पडतो.

सुतारमामांनी बंगल्याभोवती एक प्रदक्षिणा घातली, बोटानं फळी वाजवून पाहिली आणि विचारलं, "भाऊ, ह्यात कोंबडी ठेवायची का भावली?" मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. छपरावरचा डांबरी कागद उन्हात पाघळणार म्हणून त्यावर पत्रा आला, पाऊस आत येऊ नये म्हणून तो चहूबाजूंनी हातभर पुढे निघाला, आणि पत्रा तापतो म्हणून पत्र्यावर माडाचे झाप चढले. त्या राखाडी विलायती घरानं आता इरलं पांघरलेलं होतं, लावणीला वाकलेल्या बाईसारखं. कोंबडीला घाम येत नाही. उकडलं की ती चोच उघडून धापा टाकते आणि पंख अंगापासून दूर धरते, जणू कोणी तिचं माप घेतंय. म्हणून छपरालगत दोन्ही अंगांना झरोके कापले. विष्ठेचा उग्र वास आणि ऊब, दोघांनाही वरूनच वाट लागते. बंगल्याबरोबर आलेली जाळी षटकोनी, नाजूक, दागिन्यासारखी होती. तशी जाळी कोंबडीला आत ठेवते. मुंगसाला नि कांडेचोराला बाहेर ठेवायचं तर अर्ध्या इंचाची वेल्डमेश लागते. फिरकीच्या जागी कडी-कोयंडा आला. पायांखाली जांभ्याचे चिरे आले, तळाला भाताचं तूस. प्रत्येक फेरीत मामा काहीतरी काढून माझ्या हातात देत आणि मी ते पडवीत नेऊन ठेवी. पडवीत हळूहळू दुसरा बंगला तयार होऊ लागला.

रात्री बसायची दांडी मात्र त्यांनी मुळावरच उलटी केली. ती होती अंड्यांच्या कप्प्यापेक्षा खाली, आणि कोंबडी झोपायला नेहमी सापडेल ती सगळ्यांत उंच जागा गाठते. त्यामुळे तिघी कप्प्यातच दाटीवाटीनं झोपत आणि सकाळी जिथे अंडं घालायचं तिथेच रात्रभराचा पसारा. ही उंचीची ओढ फार जुनी. रानकोंबड्या अजूनही रात्री झाडावर चढतात. पाळीव कोंबडीचं मुख्य घराणं तांबड्या रानकोंबड्याचं, पण तिच्या पायांचा पिवळा रंग आपल्या सह्याद्रीत आरवणाऱ्या राखी रानकोंबड्याकडून आला, असं 2008 साली जनुकं तपासणाऱ्यांनी दाखवून दिलं. हे वाचल्यापासून मी आमच्या तिघींच्या पायांकडे अंमळ आदरानं पाहतो. घर कुठूनही आलेलं असो, पिवळे पाय माहेरचे आहेत.

दांडी वर गेली तसा नवा प्रश्न निघाला, कोण कुठे बसणार. थोर्लीफ श्येल्डेरुप-एब्बे या नॉर्वेच्या संशोधकाला लहानपणापासून कोंबड्यांचा नाद. कोण कोणाला टोचते याच्या त्यानं नोंदी ठेवल्या आणि त्यातून कोंबड्यांच्या मानापमानाची उतरंड 1922 साली जगापुढे मांडली. आमच्याकडे काळी भिंतीकडे, तांबडी मधे आणि करडी दाराशी, वाऱ्याच्या तोंडावर. करडीनं काळीच्या जागेवर नुसती नजर टाकली तरी डोक्यात चोच बसते. मी एकदा करडीला उचलून मधे ठेवलं. तिनंच घाबऱ्या घाबऱ्या उतरून आपली दाराची जागा परत घेतली. लग्नाच्या पंगतीत कोणी भलत्याच पाटावर बसवलं की माणूस असाच कावराबावरा होतो.

माझ्या लहानपणी आत्याकडे खुराडं ओटीच्या पायरीच्या पोटात होतं, पुढे सरकती फळी. तिन्हीसांजेला कोंबड्या आपसूक आत शिरत. आत्या खाली बसून दंडापर्यंत हात आत घाली आणि अंधारात पाठी चाचपून मोजे. दिवा कधी नेला नाही. कोणती अंगानं उतरली, कोणती उद्यापरवा खुडूक बसणार, हे तिला हातालाच कळे. खुडूक कोंबडीखाली ठेवायच्या अंड्यांवर ती कोळशानं खूण करी, आणि एकविसावा दिवस कॅलेंडर न बघता सांगे. सुट्टीत आम्ही सगळी चुलत-आते भावंडं ओटीवर एका लांब सतरंजीवर निजायचो. दिवे गेल्यावर ती तशीच वाकून आमच्या पाठींवरून हात फिरवत जायची. ती माया होती असं आम्ही समजायचो. माया होतीच, पण ती मोजतही होती. आणि मोजणीत आपण आलो या खात्रीनं जी झोप लागायची, ती पुढे कुठल्या गादीवर लागली नाही.

लेक गणपतीत आली तेव्हा खुराड्यासमोर बराच वेळ उभी राहिली. तिनं पाठवलेल्यातलं आता फारसं उरलेलं नव्हतं. "बाबा, हे आत्याआजीचंच झालं की," ती म्हणाली, आणि तिला वाईट वाटलं की बरं, ते मला तिच्या आवाजावरून ओळखता आलं नाही. तिची आई म्हणाली, खिडकी आहे ना अजून. खिडकी होती खरी. तिच्यातून कोणी बाहेर पाहत नाही. काळी तिला पाठ लावून झोपते. फुलांच्या पेटीत लावलेली अबोली तिघींनी मिळून मुळासकट उकरली आणि त्या मातीत धुळीची आंघोळ केली. आता आम्ही त्यात चुलीची राखही टाकतो.

परवा करडी खुडूक बसली. कोंबडा नसल्यानं आमची अंडी रिकामीच, तेव्हा शेजारच्या काकू पदरात आठ गावठी अंडी घेऊन आल्या. वाटा आधीच ठरला: पिल्लं अर्धी त्यांची, अर्धी आमची, विषम निघालं तर जास्तीचं त्यांचं, कारण अंडी त्यांची. "कोंबडी आमची आहे, काकू," मी म्हणालो. "अरे, ती नुसती बसलीये," काकू म्हणाल्या. मग खुराड्याला एक फेरी मारून त्यांनी कमरेवर हात ठेवले. "आणि ही खिडकी कशाला अडकवून ठेवलीस इथे? मला दे. आमच्या देवघराला बेताची बसेल." आत कप्पा दुरुस्त करत बसलेल्या मामांनी लगेच डोकं बाहेर काढलं आणि खिडकीच्या चौकटीला माप लावलं.