चीक काढण्याचा शास्त्रोक्त विधी

हा विधी रविवारी दुपारी, घरातली मोठी माणसं आडवी झाल्यावर सुरू करावा. मुहूर्त लागत नाही, जुनी चादर लागते. आपण अंथरतोय ती जुनीच आहे ना, हे दोनदा पाहून घ्यावं. आमच्या घरात जुनी चादर कोणती यावर अजून एकमत व्हायचं आहे.

आता अधिकाराचं. आम्ही लवळ्याचे. म्हणजे पौड रस्त्याला पिरंगुटजवळ लवळे फाटा लागतो तिथून आत. टेकडीवर विद्यापीठ, खाली शेतं, आणि मधल्या इमारतींत आमच्यासारखी माणसं. पुणं सुटत नाही आणि जंगलाची हौस फिटत नाही, अशी. अशा माणसाच्या बाल्कनीत एक तंबू, हवा भरायची एक कयाक, दोन वल्ही आणि एक लाइफ जॅकेट असतं. वर्षातून दोनदा हा संसार गाडीच्या टपावर बांधून पवनेच्या काठी न्यायचा आणि उरलेलं वर्ष तो साफ करायचा. आमचा अधिकार या दुसऱ्या भागातला.

सर्वांत आधी झाडाचं नाव विचारावं. लोक इथंच चुकतात. काहीतरी चिकट लागलं की सरळ बाटली शोधायला धावतात. पण झाडातून येतं ते सगळं एक नसतं. बाभळीचा, धावड्याचा तो डिंक. तो पाण्यात विरघळतो. म्हणून तर तो पूर्वी पाकिटं चिकटवायला चालायचा आणि बाळंतिणीच्या लाडवांतही चालतो. तंबूवर डिंक पडला असेल तर ओलं फडकं अर्धा तास ठेवावं आणि चहा घ्यावा. कांडोळाचा असेल तर मात्र चहा दोनदा घ्यावा, कारण तो विरघळण्याऐवजी फुगत बसतो. फुगला की उलथन्यासारख्या बोथट वस्तूनं उचलावा. राळ पाण्याला दाद देत नाही, तिला स्पिरिट किंवा तेल लागतं. हिमाचलात चिडाखाली तंबू ठोकून आलेली पुणेरी मंडळी ती घेऊन येतात आणि वर वास किती छान आहे म्हणून सांगतात. आणि तिसरा तो चीक. वड, पिंपळ, उंबर, फणस, रुई. पांढरा, निष्पाप दिसणारा, आणि हवा लागली की रबर होणारा.

आमच्या नशिबी उंबर होता. तंबूवर दोन फांद्या घासत होत्या, त्या मी मोडल्या. कयाकची दोरी त्याच बुंध्याला करकचून बांधली. शेजारच्या शेतातले तात्या बांधावरून बघत होते. म्हणाले, "पाव्हणं, उंबराखाली झोपणार? वर वटवाघळं येत्यात." मी म्हटलं, आम्हाला निसर्गाची सवय आहे. रात्रभर वरून टपटप होत राहिलं. दव असेल असं मी झोपेतच ठरवून टाकलं आणि सकाळी घाईत तंबू तसाच ओला गुंडाळला.

तो आठ दिवसांनी उघडला. उघडला म्हणजे फाडावा लागला. चर्र आवाज करत एकेक घडी सुटली, तेव्हा आत तपकिरी झालेले चिकाचे थेंब, त्यांत रुतलेल्या मुंग्या, एक पीस आणि चेंगरलेली उंबरं. उंबर फोडून केंबरं काढू नयेत म्हणतात. इथं ती आधीच बाहेर येऊन चिकटून बसली होती.

इंटरनेटवरचे विद्वान सांगतात, चिकट डाग गोठवावा, मग तो ठिसूळ होतो आणि खरवडून निघतो. म्हणून तंबूचा तो कोपरा मी फ्रीझरमध्ये घातला.

"फ्रीझरमध्ये काय ठेवलंयस रे?" आई.

"तंबू."

"बरं. आणि मटार कुठं गेले?"

ही युक्ती राळेला लागू पडते. चीक म्हणजे रबर, आणि रबर घरच्या फ्रीझरला भीक घालत नाही. फक्त मटार वितळतात.

शेवटी आईनंच खोबरेल आणून दिलं. ती रत्नागिरीकडची. फणस फोडायचा तर आधी हाताला आणि कोयत्याला तेल, हे तिथं पोरांना शाळेच्या आधी कळतं. तर कृती अशी. डागावर कोमट खोबरेल चोळावं, वीसेक मिनिटं थांबावं आणि अंगठ्यानं गोल गोल घासावं. चीक आपोआप शेवयांसारखा वळायला लागतो. हे पाहण्यात विलक्षण समाधान आहे. मी दीड तास पाहिलं. मग तेल काढण्यासाठी कोमट पाणी, थोडा भांड्यांचा साबण, मऊ फडकं. वॉशिंग मशीन नाही, इस्त्री तर नाहीच. वाळवावा सावलीत, कारण उन्हानं नायलॉन कुजतं. तेल नीट निघालं नाही तर सगळ्या बाल्कनीची धूळ त्या जागी येऊन बसते आणि एका डागाचे दोन होतात.

डाग राळेचा असेल तर सॅनिटायझरही चालतो. 2020 साली घेतलेल्या बाटल्या प्रत्येक घरात अजून आहेतच. त्यातल्या अल्कोहोलपुढं राळ नरमते. पण आधी तंबूच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून पाहावं, आणि नंतर धुवावं.

कोकणात या बाबतीत उलटा न्याय आहे, हे इथं नोंदवलं पाहिजे. लाकडी होड्यांच्या फटींत कापूस कोंबून वर राळ-तेल भरायचं, पाण्याखालच्या लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल फासायचं, म्हणजे पाणीही येत नाही आणि कीडही लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसं झाडाचा चिकटपणा मुद्दाम होडीला लावत आली. आम्ही मात्र प्लॅस्टिकच्या होडीवरून तो काढायला रविवार घालवतो.

बिब्ब्याशी मात्र थट्टा नको. त्याच्या फळाचा रस काळा पडतो, कपड्यावरून जात नाही. धोबी पूर्वी त्यानंच कपड्यांवर खुणा करत. अंगाला लागला तर फोड येतात. हातमोजे घालून पुसावा, ते फडकं टाकून द्यावं आणि अंगावर उठलं तर डॉक्टरकडे जावं.

आंब्याखाली जानेवारी-फेब्रुवारीत गाडी किंवा कयाक ठेवली आणि ती गुळाच्या ढेपेसारखी झाली, तर आंब्याला दोष देऊ नये. तो मोहोरावरच्या तुडतुड्यांचा प्रसाद असतो. कोमट पाण्यानं जातो.

राहता राहिला थिनर. तो वापरू नये. पेट्रोलही नको. हवेच्या कयाकचे सांधे त्यानं सुटतात, लाइफ जॅकेटमधला फोम खराब होतो आणि तंबूच्या कापडावर पाणी अडवणारा जो पातळ थर असतो तो निघून जातो. हे मी इतक्या खात्रीनं सांगू शकतो, कारण खोबरेलाच्या आधी घाईनं थिनर लावून पाहिलं होतं. दाराच्या डाव्या बाजूला, तळहाताएवढ्या जागेत. चीक लगेच गेला.

पावसाळ्यात आमच्या तंबूत येणाऱ्यांनी एक पातेलं बरोबर आणावं.