गादी ब्रूनोची, रंग सोफ्याचा

बाणेरच्या त्या टू-बीएचकेत ब्रूनोची नवी गादी आली आणि त्याच संध्याकाळी घरात नवा नियम झाला. ब्रूनोनं गादीवर बसायचं नाही.

कारण गादी ऑफ-व्हाईट आहे. सोफा ऑफ-व्हाईट, पडदे त्याच्याच नात्यातले, टीव्हीमागची भिंतही त्याच कुळातली. मग गादीनं काय वेगळी चूल मांडायची? दुकानात नेव्ही ब्लू होता, पण तो ‘हॉलला मारतो’ असं मॅडमचं मत पडलं. आता कुत्र्याच्या डोळ्यांना मुख्यतः निळा आणि पिवळा हे दोनच रंग नीट कळतात, तांबड्या-हिरव्याची त्याला गल्लत होते. म्हणजे अख्ख्या दुकानात जो रंग ब्रूनोला रंग म्हणून दिसला असता, तोच बाद झाला. मखमली मातकट रंगही होता. मातीचे पाय त्यावर दिसले नसते. पण मातकट रंगाची गादी विकत घ्यायची, तर मग पोतंच काय वाईट, असा बिनतोड सवाल साहेबांनी केला.

तर कव्हर. गादीला कारखान्यातून आलेलं, चेन लावलेलं, मशीनमध्ये धुता येणारं कव्हर आहे. मात्र ते धुवायचं तर आतला फोम बाहेर काढावा लागतो आणि वाळल्यावर परत कोंबताना नवरा-बायकोचा अख्खा रविवार आणि बराचसा संसार पणाला लागतो. म्हणून त्यावर दुसरं कव्हर आलं, वॉटरप्रूफ. ते कुरकुर वाजतं आणि घसरतं, म्हणून त्यावर जुनी बेडशीट. बेडशीटवर निळी फुलं आहेत, ती हॉलला मारतात, म्हणून पाहुणे येणार असले की बेडशीट निघते, वॉटरप्रूफ निघतं, मूळचं ऑफ-व्हाईट प्रकट होतं. ज्या घरात टीव्हीचा रिमोट आठ वर्षं प्लास्टिकमध्ये नांदला, त्या घराला हे जड नाही. मग ब्रूनोचे चारही पंजे ओल्या टॉवेलनं पुसून, कोरड्या टॉवेलनं टिपून त्याला गादीवर बसवतात, फोटो काढतात, आणि पाहुण्यांचं ‘अय्या, किती क्यूट’ संपायच्या आत ‘ब्रूनो, डाऊन! नो, बेबी, नो!’ होतं. (मराठी घरात कुत्र्याला मराठीत रागावत नाहीत, हे सर्वांना ठाऊक आहेच.) खाली उतरलेला ब्रूनो तडक बाथरूमच्या दाराशी जातो आणि ज्या टॉवेलनं त्याचे पाय पुसले, त्या ओल्या टॉवेलवर अंग टाकून देतो. घरातलं त्याच्या मनाजोगतं अंथरूण तेच.

ब्रूनोला चव नाही, असं साहेब म्हणतात. ब्रूनोला भौतिकशास्त्र कळतं, एवढंच. कुत्र्याच्या अंगाचं तापमान आपल्यापेक्षा जास्त, साधारण ३८ ते ३९ अंश. घाम येतो तो जवळपास फक्त पंजांच्या तळव्यांना. बाकी उष्णता बाहेर काढायची ती धापा टाकून, नाहीतर विरळ केसांचं पोट थंड फरशीला टेकवून. आणि मेमरी फोमचा स्वभाव असा की, अंगाची ऊब मिळाली की तो मऊ होतो, अंगाला लपेटतो आणि ती ऊब धरून बसतो. विमानातल्या आसनांचा विचार करून गेल्या शतकातल्या साठच्या दशकात हा प्रकार जन्माला आला. मे महिन्यात पुण्याचा पारा चाळिशीला टेकलेला असताना, एसी बंद करून मंडळी कामावर गेल्यावर, केसाळ लॅब्राडॉरनं दुपारभर त्यात रुतून राहावं, हे काही त्यात धरलेलं नव्हतं.

पण गादी नुसती गादी नाही, ‘ऑर्थोपेडिक’ आहे. ब्रूनोला सांधे आहेत, हे घराला तो सहा वर्षांचा झाल्यावर कळलं. उठताना तो मागचे पाय ओढतो. डॉक्टरांनी गादीचं नाव काढलं ते शेवटी; आधी म्हणाले, वजन कमी करा. घरानं शेवटचं वाक्य तेवढं उचललं. सकाळच्या चहाबरोबर ग्लुकोजची चार बिस्किटं, दुपारी आजींच्या ताटातली तूप लावलेली पोळी, संध्याकाळी ‘त्यानं कसं बघितलं बघ’ म्हणून चीजचा तुकडा, रात्री रीतसर जेवण. लॅब्राडॉर कसा बघतो, याचं उत्तर संशोधकांनी २०१६ साली दिलं आहे: या जातीतल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या कुत्र्यांत भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो आणि त्यांची खा-खा जास्त असते. तो बघणारच. प्रश्न देणाऱ्याच्या हाताचा आहे.

इथे विनोद बाजूला ठेवावा लागतो. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर पिल्लांच्या जोड्या लावून जन्मभर एक प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष २००२ मध्ये छापून आला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला द्यायचं, बाकी सगळं सारखं. कमी खाणारे मधल्या हिशेबानं १३ वर्षं जगले, जास्त खाणारे ११.२. सांध्यांची दुखणीही कमी खाणाऱ्यांना उशिरा लागली. सांध्यांसाठी एवढा मोठा उपाय कुठल्याच फोमच्या पोटात नाही आणि तो फुकट आहे. पण त्याचा फोटो निघत नाही. वाडग्यात कमी टाकलेल्या अन्नाला कुणी ‘क्यूट’ म्हणत नाही. प्रेम दाखवायचं तर ते विकत आणलेलं हवं, डिलिव्हरीच्या खोक्यातून निघालेलं हवं आणि सोफ्याला मॅच झालेलं हवं. दुखणं आपणच भरवायचं आणि मग त्याच्या आकाराची गादी आणायची, याला लाड म्हणत नाहीत, निर्लज्जपणा म्हणतात.

त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर एक हस्की आहे. सैबेरियात बर्फावरून गाडी ओढायला घडलेली जात, अंगावर केसांचे दोन थर. त्याचीही गादी आहे, चांगली गुबगुबीत. ती बाल्कनीत असते, तिच्याशेजारी साखळी, साखळीला हस्की, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. प्राण्यांच्या छळाविरुद्ध देशात १९६० चा कायदा आहे. कुत्र्याला तासन्‌तास आखूड साखळीला बांधून ठेवणं त्यात बसतं. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. तेवढ्यात गादीच्या कव्हरची चेनसुद्धा यायची नाही.

ज्यांना खरोखरच अंथरूण घ्यायचं आहे, त्यांचं काम सोपं आहे. कुत्रा कुशीवर, पाय ताणून झोपला असताना नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत टेप लावावी आणि वर एक वीत धरावी. म्हातारं, जड कुत्रं असेल तर जाड, घट्ट फोम हवाच. फरशीवर घासून त्याच्या कोपरांना घट्टे पडतात. मऊ अंथरुणाची खरी गरज आपल्याकडच्या कारवान कुत्र्याला, ज्याच्या अंगावर हाडं झाकण्यापुरतंही मांस दिसत नाही. पण तो शेतावर पोत्यावर झोपतो आणि त्याला कुणी रंग विचारत नाही. दमट हवेत जाळीची बुटकी खाट बरी, खालून वारा खेळतो. पिसवांची अंडी कुत्र्याच्या अंगावरून गळतात ती अंथरुणातच, त्यामुळे जे दर आठवड्याला गरम पाण्यातून काढता येतं, उन्हात टाकता येतं, ते घ्यावं. आजी पहिल्या दिवसापासून ‘गोधडी घाला हो त्याला’ म्हणताहेत ते याचसाठी. आणि गुळगुळीत टाइल्सवर काथ्याच्या दोन पट्ट्या टाकाव्यात. उठताना घसरणारे पाय गादीनं सावरत नाहीत.

त्याआधी मात्र वजन करावं. प्राण्यांचा काटा लागत नाही, घरातला चालतो: कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं, मग त्याला खाली ठेवून एकट्यानं उभं राहायचं आणि वजाबाकी करायची. उचलताच येत नसेल, तर वजाबाकीची गरज उरली नाही. बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर ठेवा.