निरंक

आमच्या इमारतीतले नाना महिन्यातून दोनदा, बहुधा मंगळवारी, सकाळी सव्वासहाला जिना उतरतात. अंगात पायजमा-शर्ट, खांद्याला शबनम, शबनममध्ये चार दशम्या, लसणाची चटणी, पाण्याची बाटली, आणि शर्टाच्या वरच्या खिशात आधार कार्ड. जिन्यात कुणी विचारलंच, "नाना, आज कुठे?" तर उत्तर ठरलेलं. "जिथली गाडी लागलेली असेल तिथे."

पहिल्या दोन-तीन खेपांना इमारतीत तर्क लढवले गेले. तळमजल्यावरच्यांच्या मते जमिनीचा दावा चालू असावा. तिसऱ्या मजल्यावर नातीसाठी स्थळं बघण्याचा अंदाज होता. एकांनी तर आवाज खाली आणून "भोरला कुणी आहे का त्यांचं?" असंही विचारलं. माणूस काहीही कामाशिवाय पहाटे घराबाहेर पडू शकतो, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. पुण्यात ते सहसा येत नाही.

नाना पाटबंधारे खात्यातून हिशेबनीस म्हणून निवृत्त झाले त्याला आता एकोणीस वर्षं झाली. निवृत्त झाल्यावर ते जितकं राबले तितकं खात्यातही राबले नसतील. खात्यात निदान दुपारी जेवणाची सुट्टी असायची. घरी सकाळी गॅसवाला येणार म्हणून थांबायचं, मग नळवाला येणार म्हणून थांबायचं, तो येत नाही म्हणून फोन करत थांबायचं. बँकेत केवायसी, त्याच बँकेत पुन्हा केवायसी. नातवाला बसथांब्यावर सोडणं, आणणं. नोव्हेंबर आला की आपण जिवंत आहोत हे कागदावर सिद्ध करणं. सोसायटीचं बिल, विजेचं बिल, वरच्या मजल्यावरच्यांचं कुरियर. ही सगळी कामं ज्या एका वाक्यानं त्यांच्याकडे आली ते वाक्य मुलगा, सून, शेजारी, सोसायटीचा सेक्रेटरी असे सगळे सारख्याच गोडीनं म्हणत. "नाना, तुम्ही काय, रिकामेच आहात ना!"

मी स्वतः हे वाक्य त्यांना किमान चारदा म्हटलेलं आहे. एकदा तर माझी गाडी सर्व्हिसिंगहून आणायला पाठवताना.

आणि मग 26 ऑगस्ट 2022 उजाडला. त्या दिवसापासून राज्य सरकारनं पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास राज्याच्या हद्दीत मोफत केला. पासष्ट ते पंचाहत्तरवाल्यांना अर्धं तिकीट. स्वातंत्र्याचं अमृत महोत्सवी वर्ष होतं, म्हणून मंडळी 'अमृत ज्येष्ठ' झाली. विरोधकांनी मतांचं राजकारण म्हटलं, अर्थतज्ज्ञांनी एसटीचा तोटा काढून दाखवला. नानांनी मात्र पंचाहत्तराव्या वाढदिवसाचं औक्षण होईपर्यंत कसाबसा दम धरला आणि दुसऱ्या दिवशी स्वारगेट गाठलं.

तिथे त्यांना कळलं की आपण एकटे नाही. कुठल्याही कामाच्या दिवशी सकाळी स्वारगेटला जाऊन पाहा, असे दहा-बारा नाना सहज दिसतील. ओळखायची खूण सोपी आहे. इतर प्रवासी गाडीची पाटी वाचून घाईनं चढतात. हे पाटी वाचतात, मान हलवतात, आणि पुढच्या गाडीची पाटी वाचायला जातात, जणू हॉटेलातलं मेनूकार्ड चाळतायत. चौकशीच्या खिडकीशी ते चौकशी करत नाहीत, गप्पा मारतात. एसटीची 'आवडेल तेथे प्रवास' नावाची पासाची योजना 1988 पासून आहे, पण ती चार किंवा सात दिवसांची, आणि पैसे भरून. ही मंडळी तिच्या नावातला अर्थ तेवढा घेऊन फुकटात अमलात आणतात.

"चकटफू आहे म्हणून जाता होय?" असं मी एकदा म्हणालो, तर नाना दुखावले. ते म्हणाले, "पैशाचा प्रश्नच नाही हो. गाडीत बसलं की मला कुणी काही काम सांगू शकत नाही. ड्रायव्हर चालवतो, कंडक्टर तिकीट फाडतो, माझ्याकडे खातंच नाही कुठलं." खातं हा शब्द त्यांनी जिभेवर घोळवून उच्चारला. हिशेबनिसाला बिनखात्याचं मंत्रिपद फार गोड लागतं.

या सगळ्याची त्यांच्याकडे एक वही आहे. खात्यातल्या जुन्या छापील वह्यांपैकीच. त्यात रकाने आखलेत: तारीख, गाडी, फलाट, खिडकी मिळाली किंवा नाही, परतीची वेळ, आणि शेवटचा रकाना 'कामाचा तपशील'. त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत सुवाच्य अक्षरात एकच शब्द आहे. निरंक. निरंक. निरंक. मध्ये एका ओळीत 'पुतण्याच्या लग्नाची पत्रिका दिली (सासवड)' असं आहे आणि त्यावर लाल शाईनं 'यापुढे टाळणे'.

आता माझ्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे. मी विश्रांती विकत घेणाऱ्या पिढीतला. दोन महिन्यांपूर्वीच आम्ही मुळशीकडे एका रिसॉर्टमध्ये 'शांततेचा दिवस' घालवून आलो होतो. दुपारी एकच्या आत खोली नाही, सकाळी दहानंतर खोली नाही. सहा वाजता सामूहिक योग, आठ ते दहा नाश्ता, अकराला रेन डान्स, साडेबाराला 'मौन', त्याला वेगळे पैसे. मौनाच्या वेळी माझ्या शेजारचे गृहस्थ हातवारे करून बायकोशी भांडत होते. घरी आल्यावर मला विश्रांतीसाठी एक दिवसाची रजा टाकावी लागली. ती रजा वाया घालवू नये म्हणून मी नानांना म्हटलं, मंगळवारी मी पण येतो.

नाना जरा विचारात पडले. मग म्हणाले, "या. पण मला काही विचारायचं नाही."

स्वारगेटला वाईची गाडी लागलेली होती. आत शिरताना नानांनी एक धुतलेला जुना नॅपकिन खिडकीतून आत टाकून जागा धरली. रुमाल का नाही, तर तो नाकाला लागतो. "उजवीकडे बसा," त्यांनी मला बजावलं. "दक्षिणेला जायचं, ऊन डावीकडून येणार. संध्याकाळी उत्तरेला यायचं, तेव्हाही ऊन डावीकडूनच. जाताना उजवी, येताना उजवी. मागच्या चाकावर बसायचं नाही, मणके मोजता येतात." एका बाकावर विधानसभा सदस्यांसाठी राखीव असल्याची अक्षरं रंगवलेली होती. त्यावर एक बाई कोंबडीची दुरडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि सदनात असावी तेवढीच शांतता होती.

कंडक्टरनं माझे पैसे घेतले आणि नानांचं आधार कार्ड पाहून त्यांना शून्य रुपयांचं तिकीट दिलं. शून्याचंही तिकीट असतं, कारण त्याचा हिशेब पुढे सरकारकडे मागायचा असतो. नानांनी ते घडी करून वहीत ठेवलं. सरकारी छापील कागदावरचा निरंक त्यांना स्वतःच्या अक्षरातल्यापेक्षा जास्त अधिकृत वाटत असावा.

दोन घंट्या झाल्या आणि गाडी हलली. पहिल्याच तासात त्यांचा फोन तीनदा वाजला. फोन ते बंद ठेवत नाहीत, बंद ठेवला तर घरचे घाबरतात. ते उचलतात आणि म्हणतात, "घाटात आहे, नीट ऐकू येत नाही." त्या वेळी गाडी शिरवळच्या सपाटीवर उभी होती आणि खिडकीखाली माणूस भुईमुगाच्या शेंगा विकत होता. कात्रजचा घाट दाखवणे हा वाक्प्रचार ज्या प्रसंगावरून आला असं सांगतात, तो 1663 मधला. शाहिस्तेखानाची बोटं छाटून परत येताना महाराजांनी बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना भलतीकडे धाडलं. नाना त्याच रस्त्यानं जात घरच्यांना तोच घाट दाखवतात, पलिते न पेटवता.

खंबाटकीला मात्र खरोखरच घाट लागला, आणि नेमका तेव्हा कुणाचा फोन आला नाही.

वाईला उतरलो तेव्हा साडेदहा झाले होते. माझ्या डोक्यात यादी तयार होती. ढोल्या गणपती, मग मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा, तिथली ती वसईच्या लढाईनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा, 'स्वदेस'चं चित्रीकरण झालेला घाट, जमलं तर विश्वकोशाची कचेरी बाहेरून तरी. मी ही यादी बोलून दाखवली.

नाना म्हणाले, "घंटा वसईहून आणली कधी?"

"वसई 1739 ला घेतली. म्हणजे पावणेतीनशेच्या वर वर्षं झाली."

"मग आज कुठे जात नाही ती," असं म्हणून ते कृष्णेच्या घाटावर, गणपतीच्या देवळापासून थोडं पुढे, सावली बघून दुसऱ्या पायरीवर बसले. चपला काढून शेजारी ठेवल्या. पाय पाण्यात सोडले. आणि बस्स.

पहिली वीस मिनिटं मला फार जड गेली. मी देवळाचा फोटो काढला. पाण्याचा काढला. नानांच्या पायांचा काढला. "कुणाला पाठवताय?" त्यांनी विचारलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मी ते आधीच कचेरीच्या ग्रुपवर पाठवून बसलो होतो आणि तिथून 'रजेवर आहात तर जरा ही फाईल बघता का' असं आलं होतं. मी "घाटात आहे" असं टाइप केलं. आणि त्या वेळी मी खरोखर घाटावर बसलेलो होतो. या खात्यात मी नानांच्या पुढे गेलो.

पलीकडच्या काठावर एक बाई गोधडी धूत होती. ओली गोधडी एकट्या माणसाला उचलत नाही. तिनं ती तीनदा उचलायचा प्रयत्न केला, मग शांतपणे तिच्या शेजारी बसून राहिली, पाणी निथळेपर्यंत. दोन पोरं गळ टाकून बसली होती. तासाभरात त्यांना एक प्लास्टिकची पिशवी मिळाली. "यांचंही निरंक," नाना म्हणाले. त्या तासातलं त्यांचं ते एकमेव वाक्य. मराठी विश्वकोशासारखं प्रचंड काम करायला मंडळींनी हेच गाव का निवडलं असेल, असा प्रश्न मला पडला. इथे माणूस 'अ' पासून सुरुवात करून कितीही वर्षं बसू शकतो.

दशम्या खाल्ल्या. उरलेल्या चटणीचा कागद नानांनी घडी करून पिशवीत टाकला. मग बाजारातून त्यांनी दोन किलो वांगी घेतली, कृष्णाकाठची, भरताची, प्रत्येक वांगं हातात घेऊन, वजन जोखून. फुकट प्रवासातला हा एकच खर्च. परतीच्या गाडीत ती पिशवी त्यांच्या मांडीवर होती, आणि ते उजव्या खिडकीत तोंड किंचित उघडं टाकून झोपले होते. खेड शिवापूरच्या आसपास एक लाजिरवाणी गोष्ट घडली. मीही झोपलो, आणि मान त्यांच्या वांग्यांवर टेकवून.

वांग्यांतली अर्धी आमच्याकडे आली. भांडं परत द्यायला मी वर गेलो तेव्हा नाना देवळात गेले होते आणि त्यांच्या पत्नी, माई, एकट्याच होत्या. "कसं काय वाटलं आमच्या साहेबांचं बिनकामाचं काम?" त्यांनी विचारलं. मी खूप स्तुती केली. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "दशम्या मी एवढ्या आवडीनं का करून देते, माहितेय? ते गेले की दुपारपर्यंत मी चूलच पेटवत नाही. गार दही, पोहे कालवून खाते आणि हॉलमधे फरशीवर आडवी होते. पंखा सुद्धा वेगळा वाजतो हो."

"मग तुम्हीपण जात जा की. बायकांना अर्धं तिकीट आहे, 2023 पासून."

"अर्ध्या तिकिटात अर्धीच सुट्टी वाटते," माई म्हणाल्या. "आणि ह्यांच्याबरोबर गेले तर दशमी तिथेही मलाच वाढायची. जानेवारीत मला पंचाहत्तर पूर्ण होतायत. बघू."

'बघू' या शब्दाकडे तेव्हा मी लक्ष दिलं नाही.

जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी सहाच्या सुमाराला मी दूध घ्यायला दार उघडलं. वरून नानांचा आवाज येत होता, "अगं पण डबा कुठेय? आणि माझी शबनम?" जिन्यावरून माई उतरत होत्या. नऊवारी नाही, साधी गोल साडी, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला तीच शबनम, आणि हातात प्लास्टिकच्या पाकिटात आधार कार्ड. त्यांच्यामागून नाना बनियनवर कठड्याशी आले.

"कुठे निघालीस?"

"जिथली गाडी लागलेली असेल तिथे."

"अगं, पण आज मंगळवार! माझा दिवस! गॅसवाला यायचाय, दहा ते दोनच्या मध्ये येतो म्हणालाय, त्याला कोण थांबणार?"

माईंनी खालच्या वळणावर थांबून वर पाहिलं.

"अहो, तुम्ही आहात की," त्या म्हणाल्या. "रिकामेच आहात ना."