५१७

लिनक्सच्या कर्नलमध्ये माझी एक ओळ आहे. एकच, पण भोपाळच्या पिपलानीत कुणाकडेही सत्यनारायण असो, प्रसादाआधी मी तिचा विषय काढतोच.

एका पीसीआय कार्डाच्या ड्रायव्हरमधली ही ओळ अशी : रीसेट सोडल्यावर वीस मिलिसेकंद थांब. थंड मशीनवर कार्ड शहाण्यासारखं उठायचं. रीबूट केलं की कार्डावरच्या चिपला तिचा नंबर विचारावा, तर सगळे बिट एक. म्हणजे पलीकडे कुणी ऐकतच नाही. मागच्या फेरीचा राग डोक्यात तसाच. तिला आधी वीज द्यायची, मग क्लॉक, मग रीसेट सोडायचा आणि गप्प बसायचं. शिवाय पीसीआयवर रीसेटचा हुकूम लिहिला म्हणजे पोचला असं नाही, तो वाटेतल्या ब्रिजमध्ये रेंगाळतो. तेच रजिस्टर उलट वाचायला मागितलं की मुकाट पुढे सरकतो.

पण कर्नलमधलं माझं खरं दैवत म्हणजे ५१७. हा एरर २०१२ साली, ३.४ आवृत्तीत आला. ड्रायव्हर कामावर हजर होतो, पण त्याला लागणारा क्लॉक अजून उठलेलाच नसतो. तो ५१७ म्हणतो, म्हणजे ‘बाद में आइए’. भोपाळातल्या किती खिडक्यांवर मी हे ऐकलंय! साहेब लंचला, शिक्का कपाटात, किल्ली रजेवर. कर्नल मात्र झेरॉक्स मागत नाही. नाव यादीत ठेवतो आणि दुसरा कुणी ड्रायव्हर मार्गी लागला की स्वतःहून परत बोलावतो. फक्त दोघं एकमेकांसाठी अडून बसले, तर मानपानावरून रुसलेल्या व्याह्यांसारखे जन्मभर बाहेरच.

बाबा भेलमधून निवृत्त झाले, हायड्रो विभागातून. जनरेटर फिरवायचा तर आधी बेअरिंगला तेल, थंड पाणी, ब्रेक सुटल्याची खात्री. मग गाइड व्हेन उघडायचे, आणि वेग भरत आल्यावरच एक्सायटेशन. हे त्यांनी साइटवर महिनोन्महिने केलं. त्या यंत्रांवर कंपनीची पाटी आहे, बाबांचं नाव कुठेही नाही. मला ते खुपतं. त्यांना नाही.

माझी ओळ त्यांना तोऱ्यात समजावली.

“वीसच का?” ते म्हणाले. “तयार झाले, असं चिप स्वतः नाही सांगत? इंटरलॉक कुठाय?”

“या चिपला तशी सोयच नाही, बाबा.”

“मग चिप कच्ची आहे.”