सरांशिवाय चालणारी लिंक

नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, तयारीला लागलेल्या समस्त प्राध्यापकवर्गासाठी हे मार्गदर्शन आहे. मार्गदर्शकाची पात्रता आधी सांगायला हवी. मी भूगोल शिकवतो. एकदा भर कार्यक्रमात बंद पडलेल्या प्रोजेक्टरची निघालेली वायर मी परत खोचली आणि पडद्यावर उजेड पडला. टाळ्या झाल्या. त्या दिवसापासून मी वेबसाइट समितीचा निमंत्रक आहे.

नॅकचे निकष सात. अभ्यासक्रमापासून सुरुवात होते आणि 'संस्थात्मक मूल्ये व उत्तम प्रथा' इथे गाडी थांबते. प्रत्येक निकषाला एक प्रमुख आणि प्रत्येक प्रमुखाची एक पीपीटी. (तिला 'सादरीकरण' म्हणावं असं मराठी विभागाचं मत आहे. विभागाची पीपीटी अजून आलेली नाही.) सातही पीपीटी वेबसाइटवर चढवायच्या आणि एकीतून दुसरीत जाता आलं पाहिजे, असा ठराव झाला. ठरावाला सूचक होते, अनुमोदक होते. हे करायचं कसं, एवढं मात्र कुणी विचारलं नाही, कारण जो विचारतो त्याच्यावरच ते काम पडतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी विचारलं.

सुरुवात तिसऱ्या निकषाच्या सरांपासून करू, कारण लिंक कशी करू नये हे त्यांच्याइतकं स्वच्छ कुणी दाखवून दिलेलं नाही. सरांची पीपीटी डेस्कटॉपवर होती. 'संशोधन' या शब्दावर त्यांनी कंट्रोल आणि के दाबलं, खिडकी उघडली आणि पेन ड्राइव्हवरच्या 'न्यू फोल्डर'मधली दुसरी पीपीटी निवडली. शब्द निळा झाला, खाली रेघ आली. सरांनी आम्हा सर्वांना बोलावून दाबून दाखवला. दुसरी पीपीटी उघडली. चहा झाला.

वेबसाइटवर चढल्यावर तो निळा शब्द कुणाच्याच दाबण्याला दाद देईना. सर म्हणाले, "माझ्याकडे चालते." चालत होतीच. लिंकमध्ये पत्ता होता 'ई ड्राइव्ह, न्यू फोल्डर, फायनल', आणि ई ड्राइव्ह म्हणजे सरांच्या शर्टाचा वरचा खिसा. लिंक निर्दोष होती, फक्त तिच्याबरोबर सर यावे लागत होते. तेही पुरलं नसतं. दुसऱ्या संगणकात तोच पेन ड्राइव्ह कधी 'एफ' होतो, मग सर येऊनही उपयोग नाही.

सरांची बाजू घ्यायची तर इतिहासात जावं लागेल. पॉवरपॉइंट बाजारात आलं १९८७ साली, मॅकिंटॉशसाठी. फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीत रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी ते घडवलं आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं १ कोटी ४० लाख डॉलर मोजून ती कंपनी घेतली. तेव्हा त्याचं मुख्य काम ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शिका तयार करून देणं हे होतं. पारदर्शिकेला लिंक नसते. शेजारी एक माणूस उभा राहतो, ती उचलतो, दुसरी ठेवतो, बहुधा उलटी. म्हणजे सरांची कल्पना चुकीची नव्हती, १९८७ सालची होती.

पुढे २००० सालच्या आवृत्तीत 'वेब पेज म्हणून सेव्ह करा' अशी सोय आली. दाबलं की एक पान तयार व्हायचं आणि त्याच्याशेजारी त्याच नावाचं एक फोल्डर. स्लाइड्स, चित्रं, सगळा संसार त्या फोल्डरात; पान म्हणजे नुसता उंबरठा. लोक उंबरठा अपलोड करायचे आणि घर घरीच ठेवायचे. २०१० च्या आवृत्तीत ही सोय मेनूतून गेली. ती वापरलेली एक व्यक्ती आमच्या कार्यालयात अजून आहे. ती या विषयावर बोलत नाही.

आता मुख्य मुद्दा. पत्ते दोन तऱ्हेचे असतात. 'घर क्रमांक अमुक, पेठ तमुक, पुणे ३०' हा पूर्ण पत्ता. 'आमच्या शेजारी, मारुतीच्या देवळाला लागून' हा सापेक्ष पत्ता. गावात दुसरा पुरतो, टपालाला पहिला लागतो. आमच्या विषयात पुनर्वसन शिकवावं लागतं म्हणून सांगतो: अख्खं गाव एकत्र उचलून दुसरीकडे वसवलं, तर 'शेजारचं घर' तिथेही शेजारीच राहतं. चार घरं इथे, सहा तिथे असं पांगवलं की शेजार संपला. पीपीटींचंही तसंच. लिंक करण्याच्या आधी, पुन्हा सांगतो, आधी, सातही फाइली एकाच फोल्डरात आणा. मग लिंक करा. मग ते फोल्डर जसंच्या तसं सर्व्हरवर न्या. आमच्याकडे उलट क्रमानं झालं: आधी लिंका, मग फोल्डर, मग समिती.

नावांविषयी थोडक्यात. फाइलच्या नावात जागा सोडू नका. वेबच्या पत्त्यात रिकामी जागा चालत नाही, तिथे टक्क्याचं चिन्ह आणि वीसचा आकडा येऊन बसतो. इंग्रजी अक्षरं सगळी धाकटी ठेवा. विंडोजला थोरलं-धाकटं सारखंच. बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि तिथे थोरल्या 'ए'चा आणि धाकट्या 'ए'चा संबंध नाही, भाऊबंदकी आहे. मराठी विभागानं मात्र फाइलचं नाव देवनागरीत असावं असा आग्रह धरला. देवनागरीचं एकेक चिन्ह युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत तीन बाइट घेतं आणि पत्ता कॉपी केला की बाइटामागे तीन अक्षरं उमटतात. 'स्वागत' या शब्दात पाय मोडायचं चिन्ह आणि काना धरून सहा चिन्हं, म्हणजे ५४ अक्षरांचं शेपूट. ते व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलं तेव्हा एका मॅडमनी व्हायरस समजून फोनच बंद केला. विभागाचा आग्रह तत्त्वतः मान्य करून फाइलला 'निकष७' असं रोमनमध्ये नाव दिलं. नावात 'फायनल' घालू नये हे सांगायची गरज नाही, आणि सांगून उपयोगही नाही.

पीपीटी सर्व्हरऐवजी गूगल ड्राइव्हवर ठेवायच्या ठरल्या, की येतो खरा पेच. पहिल्या पीपीटीतून दुसरीची लिंक द्यायची, तर दुसरीचा पत्ता हवा. दुसरी अजून चढलेली नाही, कारण तिच्यात पहिलीची लिंक घालायची आहे आणि पहिलीचा पत्ता अजून नाही. आमच्याकडे दोन निकषप्रमुख नऊ दिवस एकमेकांना "आधी तुम्ही" म्हणत होते. लखनौचे नवाब गाडी चुकेपर्यंत असंच म्हणायचे म्हणतात. इथे गाडी नॅकची होती. मधल्या काळात एकानं पीपीटीची पीडीएफ करून टाकली आणि सुटलो म्हणाला. पण पीडीएफमधली लिंक जुन्या पीपीटीकडेच बोट दाखवत राहते. समोरचीचीही पीडीएफ झाली हे तिला कुणी कळवलेलं नसतं. लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणीला माहेरच्या नावानं पत्र धाडावं, तसा प्रकार.

तोडगा सोपा आहे. सातही पीपीटी आधी अर्ध्यामुर्ध्या अवस्थेतच प्रकाशित करा, निव्वळ पत्ते मिळवण्यासाठी. पत्ते एका वहीत लिहा. मग सावकाश मूळ प्रतीत लिंका घाला. गूगल स्लाइड्समध्ये प्रकाशित केलेली पीपीटी नंतर कितीही बदलली तरी तिचा पत्ता तोच राहतो. एक पाप मात्र करू नका: जुनी फाइल उडवून सुधारलेली नव्यानं चढवू नका. गूगल ड्राइव्हच्या लेखी ती नवी फाइल, पत्ताही नवा, आणि जुन्या पत्त्यावर आलेला माणूस कुलूप पाहून परत जातो. नवी आवृत्ती जुन्या फाइलवरच चढवायची सोय 'मॅनेज व्हर्जन्स'मध्ये आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच लिहून ठेवलं आहे की पत्ते आपण होऊन बदलत नाहीत, माणसं ते बदलतात. त्यांनी आमचा स्टाफ पाहिलेला नाही, तरीही.

पुढचं प्रकरण परवानगीचं, आणि इथे आमच्या संस्थेची अब्रू गेली. सगळं जोडून झाल्यावर तपासणी ठेवली. सात प्रमुखांनी आपापल्या खुर्चीतून एकेक लिंक दाबली. सगळ्या उघडल्या. अभिनंदनाचा ठराव झाला. मला शंका होती म्हणून मी कँटीनच्या काकांचा मोबाइल मागितला आणि तीच लिंक उघडली. काकांनी चष्मा चढवून वाचलं: परवानगी हवी.

"कुणाची?" काका म्हणाले.

"मालकाची."

"मालक तर तुम्हीच. तुम्हीच आलाय ना मोबाइल मागायला?"

झालं होतं असं, की आमची सगळ्यांची खाती महाविद्यालयाच्या नावाची, आणि फाइली 'फक्त संस्थेतल्यांसाठी' उघड्या ठेवलेल्या. त्यामुळे ज्यांनी पीपीटी केल्या त्या सर्वांना त्या दिसत होत्या आणि ज्यांच्यासाठी केल्या त्यांतल्या कुणालाही नाही. बऱ्याच संशोधनपत्रिका याच तत्त्वावर चालतात, पण नॅकला ते चालत नाही. तेव्हा 'लिंक असलेला कोणीही' हा पर्याय निवडा आणि तपासणी नेहमी इनकॉग्निटो खिडकीतून करा, किंवा काकांच्या मोबाइलवरून. काका अधिक विश्वासार्ह आहेत. ते "चालते हो" म्हणत नाहीत.

जोडणीचा आकार कसा असावा, यावर मतभेद आहेत. प्राचार्यांना साखळी आवडते: एकातून दोन, दोनातून तीन. साखळीत तिसरी कडी मेली की पुढच्या चारही अनाथ होतात, आणि तिसरी कोणाची होती ते वाचकांच्या लक्षात असेलच. म्हणून मधे एक अनुक्रमणिका ठेवा, तिच्यातून सातही वाटा काढा आणि प्रत्येक पीपीटीच्या शेवटी 'अनुक्रमणिकेकडे' अशी परतीची वाट द्या. 'इथे क्लिक करा' असं लिहू नका. दृष्टिहीन वाचकाला त्याचं सॉफ्टवेअर पानावरच्या लिंकांची यादी वाचून दाखवतं. त्याला सात वेळा "इथे क्लिक करा" ऐकवून काय मिळणार? 'निकष ४: पायाभूत सुविधा' असं सरळ लिहा. पीडीएफच्या सातव्या पानावर नेमकी लिंक देता येते, तीही देऊ नका, कारण आदल्या रात्री कुणीतरी सुरुवातीला गणपतीची स्लाइड घालतं आणि सातवं पान आठवं होतं.

एवढं सगळं करून आमच्या सात पीपीटी जोडल्या गेल्या. अनुक्रमणिका उघडते, वाटा चालतात, परत येता येतं, आणि कुणाही सरांना सोबत यावं लागत नाही. मी प्राचार्यांना दाखवलं. त्यांनी पहिल्यापासून सातवीपर्यंत स्वतः दाबून पाहिलं, पुन्हा अनुक्रमणिकेवर आले, समाधानानं मान हलवली आणि म्हणाले, "उत्तम. आता या सगळ्याच्या प्रिंट काढून फाइलला लावा."

कार्यालयातला प्रिंटर काळं-पांढरंच छापतो. त्यामुळे कागदावर लिंक कुठली आणि साधी अधोरेखित ओळ कुठली ते कळत नाही, अशी हरकत लेखनिकांनी घेतली आहे. गेले दोन दिवस ग्रंथालयाचे परिचर निळ्या पेनानं लिंका गिरवत आहेत. रेघा सरळ याव्यात म्हणून फुटपट्टी मी दिली आहे. तिसऱ्या निकषाचे सर प्रत्येक पानावर सही करून 'सत्यप्रत' असा शिक्का मारतात, आणि त्यासाठी ते रोज फाइलसोबत येतात.