गावभर डॉक्टरांच्या गाड्या!

अहो, ऐकलंत का? पुण्यात म्हणे घरागणिक एक डॉक्टर झालाय! पटत नसेल तर जुन्या गाड्यांच्या कुठल्याही एजंटाकडे जाऊन या. जिला हात लावाल ती गाडी ‘डॉक्टरांची, साहेब! सिंगल हँड, घर ते दवाखाना.’ एवढे डॉक्टर असून आम्हाला नंबर पुढच्या गुरुवारचा का मिळतो, देव जाणे.

पूर्वी सेकंडहँड गाडी घेतलेला माणूस ती अंधार पडल्यावर सोसायटीत आणायचा. आता खुशाल पेढे वाटतात! आणि डोळा सगळ्यांचा एकीवरच, पेट्रोलवरच्या वॅगनआरवर. 1999 साली ती आली तेव्हा ‘डबा’ म्हणून नाकं मुरडणारेच आता तिच्या ॲव्हरेजची आरती ओवाळतात. सप्टेंबर 2025मध्ये नव्या छोट्या गाड्यांचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला, तरी जुनीचा मालक ऐटीतच!

पण परवा आमच्या वहिनींनी कहरच केला. गाडी 2019ची, मीटर म्हणे 22 हजार. एजंट पॉलिशचं कौतुक सांगत होता आणि या बाई पदर खोचून टायर वाचत बसल्या! टायरवर चार आकडे कोरलेले असतात : आधी आठवडा, मग साल. चारही टायरांवर 1422. म्हणजे 22 हजार पुरे व्हायच्या आत, तीन वर्षांत, अख्खा संच झिजला? मग त्यांनी ब्रेकच्या पॅडलचं रबर पाहिलं. पार गुळगुळीत! ‘डॉक्टरांना ब्रेक जपून लावायची सवय होती,’ इति एजंट. कंपनीच्या वर्कशॉपमधली सर्व्हिस हिस्ट्री मागितल्यावर मात्र त्याला अचानक फोन आला.

सीएनजीवाल्यांची तऱ्हा निराळी. स्वस्त म्हणून उड्या मारतात, पण सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी लागते, त्याचा दाखला कुणी मागत नाही. आणि मंडईपर्यंत जायला जुनी डिझेल घेणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं. मारुतीनं तर 2020मध्येच डिझेलला रामराम ठोकला.

आमचं मत विचाराल तर साधी, पेट्रोलची, पहिल्या मालकाची घ्या आणि ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या. परिवहनच्या संकेतस्थळावर चलानं आणि कर्जाचा बोजा तपासा. फॉर्म 29 आणि 30वर सह्या, कर्ज फिटलं असेल तर बँकेचा फॉर्म 35, हे हातात पडेपर्यंत टोकनचा एक रुपयाही सोडू नका!